आवाज देणाऱ्यांची नावं पण छापा की

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जपानी अ‍ॅनिमेवर, म्हणजे तिकडच्या कार्टूनवर, अर्धं पान आलं होतं ते वाचलं. आमच्या घरात तर ते पान मुलीने कापूनच ठेवलंय कारण त्यात नरुटो मालिकेतल्या हिनाताचा रंगीत फोटो होता. लेख चांगला होता, नाही म्हणत नाही. मंगा (जपानी कॉमिक्स) म्हणजे काय, चित्रं कशी काढतात, आपली पोरं रात्री जागून काय बघत बसतात, सगळं आलं त्यात. फक्त त्या हिनाताला आवाज कोणाचा हे अख्ख्या अर्ध्या पानात कुठेच नाही. आवाज देणारे कलाकार तिकडे फार लोकप्रिय असतात अशा अर्थाचं एक वाक्य शेवटी टाकलंय आणि विषय मिटवला. अहो एवढे लोकप्रिय आहेत तर एखादं नाव घालायला काय झालं?

मी देवगड तालुक्यातला. टेनिस बॉल क्रिकेटच्या टुर्नामेंटला कॉमेंट्री करतो, जत्रेत हरवलेल्या पोरांची अनाउन्समेंट करतो, कुठे सत्कार असला की निवेदन पण मीच. म्हणजे पोट काही यावर नाही, पोटाला आंब्याच्या पेट्या आहेत, पण माईक हातात आला की बरं वाटतं. त्यामुळे टीव्हीवर काही लागलं की माझं लक्ष चित्राकडे कमी आणि आवाजाकडे जास्त. मुलगी नरुटो आधी हिंदीत बघायची, आता मोबाईलवर जपानी आवाजात बघते, खाली सबटायटल वाचत. मी शेजारी बसून नुसतं ऐकतो. एकदा हिनाताचा आवाज ऐकून विचारलं, "ह्या बायचा नाव काय गो?" तर मुलीने मान पण न वळवता सांगितलं, "नाना मिझुकी." आमच्याकडे नाना म्हटलं की धोतरातले म्हातारेच डोळ्यासमोर येतात, पण ते असो.

तर ही नाना मिझुकी. जन्म 21 जानेवारी 1980, गाव निईहामा, एहिमे प्रांत. टोकियो ओसाका असलं काही मोठं शहर नाही बरं का, शिकोकू बेटावरचं समुद्राकाठचं मध्यम गाव. डोंगरात तांब्याची खाण होती, बेश्शी नावाची, ती 1691 ला सुरू झाली आणि 1973 ला बंद पडली, म्हणजे ही जन्मायच्या आधीच. ऑक्टोबरमध्ये तिथे ढोलांचा उत्सव असतो, सोन्याच्या जरीकामाने मढवलेले दोन अडीच टनांचे भलेमोठे रथ दीडशे दीडशे माणसं खांद्यावर घेतात आणि मग दुसऱ्या आळीच्या रथासमोर आणून हातांवर वर उचलून दाखवतात, कोणाचा जास्त वेळ वर राहतो बघू म्हणून. वर रत्नागिरीकडे शिमग्याला पालखी नाचवताना जी ईर्षा असते ना तीच. मला त्या गावाबद्दल वाचून एकदम आपलंसं वाटलं.

वडील दंततंत्रज्ञ, म्हणजे कवळ्या बिवळ्या बनवणारे, पण गाण्याचा नाद मोठा. पोरगी पाच वर्षांची असल्यापासून तिला एन्का शिकवायला घेतलं. एन्का म्हणजे जपानचं जुन्या वळणाचं गाणं, त्यात सूर असा घशातून वळवून वळवून सोडतात, विरह, बंदर, पाऊस, दारू, सगळं त्यात. लहानपणापासून कराओके स्पर्धांमधून गात फिरली. व्हायचं होतं एन्का गायिका, त्यासाठी शाळेच्या वयात घर सोडून टोकियोला गेली. आणि झाली काय, तर 1997 ला एका व्हिडिओ गेममध्ये आवाज द्यायचं काम मिळालं आणि तिथून आवाजाची अभिनेत्री. गायिका म्हणून पहिली सीडी त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर 2000 मध्ये.

हिनाताचं काम 2002 पासूनचं. आता ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिनाता ही लाजरी, बोटं एकमेकांवर टेकवत अडखळत बोलणारी मुलगी. तिला नरुटो आवडतो पण ते तोंडातून बाहेर पडत नाही. तिचे डायलॉग मोजायला गेलात तर फार नाहीतच, अर्धे तर नुसते श्वासच आहेत. आणि तेच कठीण आहे साहेब! ओरडणं सोपं असतं, मी दर रविवारी मैदानावर ओरडतो, सिक्स बसली की कोणालाही ओरडता येतं. पण "ना... नारुतो-कुन" एवढंच म्हणायचं, आणि त्या दोन शब्दांच्या मधे जी जागा आहे ना तिथे भीती पण पाहिजे, प्रेम पण पाहिजे, आणि वर माईकला श्वासाचा फटका पण बसता कामा नये. करून बघा.

पुढे एक प्रसंग येतो, पेन नावाचा व्हिलन नरुटोला जमिनीत खिळवून ठेवतो आणि सगळे लांब उभे असताना ही एकटी मधे येऊन उभी राहते, आपण मरणार हे तिला माहीत असतं. आवाज तोच, बारीकच आहे, पण थरथर गेलेली आहे. मोठा केलेला नाही, फक्त थरथर काढून टाकलीय. मी तो तुकडा मुलीला मागे घेऊन परत लावायला सांगितला तर ती म्हणाली, "बाबा, माका अभ्यास आसा." एरवी अभ्यास आठवत नाही, ते वेगळं.

आणि हीच बाई गायला लागली की विश्वास बसत नाही की ती हिनाता हिच्याच गळ्यातली आहे. वेगवान रॉकची गाणी, मागे व्हायोलिन, ड्रम्स आणि वर हिचा खणखणीत आवाज, आणि लांब सूर धरताना मधेच तो एन्काचा वळसा येतो, बापाने शिकवलेला. मुलगी म्हणते ह्यात कसला वळसा, पण मला ऐकू येतो.

आता लोकप्रियता म्हणजे किती ते सांगतो, कारण लेखात तेवढंच राहून गेलं. जून 2009 मध्ये तिचा अल्बम ओरिकॉनच्या आठवड्याच्या यादीत पहिल्या नंबरला गेला. ओरिकॉन म्हणजे तिकडची गाण्यांच्या विक्रीची अधिकृत समजली जाणारी यादी. कार्टूनला आवाज देणाऱ्या कलाकाराचा अल्बम तिथे पहिला येणं हे तोवर झालंच नव्हतं. त्याच वर्षी 31 डिसेंबरला एनएचके या तिकडच्या टीव्ही वाहिनीच्या कोहाकु कार्यक्रमात गाणं. हा कार्यक्रम म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्री अख्खं जपान घरी बसून बघतं, 1951 पासून चालू आहे, तिथे गायला मिळालं म्हणजे गावात बाप कॉलर ताठ करून फिरणार. आवाज अभिनेत्री म्हणून तिथे पोचलेली पहिली तीच, आणि मग 2014 पर्यंत सलग सहा वर्षं बोलावलं. पण ज्या बापाने पाच वर्षांच्या पोरीला सूर लावायला शिकवलं तो 2008 मध्येच गेला होता. त्याने ते बघितलं नाही.

2011 च्या डिसेंबरमध्ये टोकियो डोममध्ये सलग दोन दिवस कार्यक्रम. डोम म्हणजे बेसबॉलचं छप्परवालं स्टेडियम, हजारो माणसं हातात निळ्या लाईटच्या कांड्या घेऊन. 2016 मध्ये कोशिएनला. क्रिकेटवाल्यांना हे सांगितलंच पाहिजे, कोशिएन हे 1924 चं मैदान, जपानभरच्या हायस्कूलच्या पोरांची बेसबॉलची फायनल तिथे होते, हरलेली पोरं तिथली माती पिशवीत भरून घरी नेतात. अशा मैदानात मधोमध उभी राहून ही गायली. आणि ह्या सगळ्यात आवाजाची कामं चालूच, नरुटो चालू, प्रीक्युअर नावाची लहान मुलींची मालिका आहे त्यात 2010 ला मुख्य काम, शिवाय 2001 पासून रेडिओवर दर आठवड्याचा कार्यक्रम. हिनाता बारा वर्षांची पोर होती तेव्हापासून ती लग्न होऊन दोन मुलांची आई झाली तोपर्यंत आवाज हिचाच, वयाप्रमाणे थोडा थोडा उतरवत आणलेला.

हे सगळं रेकॉर्ड कसं करतात ते पण जरा सांगतो, मला त्यातच जास्त इंटरेस्ट. जपानमध्ये पहिल्यापासून रीत अशी की सगळे कलाकार एकाच खोलीत. भिंतीला लागून बसायला बाकडी, समोर स्क्रीन, आणि मधे तीन चार माईक, माणसं दहा पंधरा. हातात स्क्रिप्ट. आपला डायलॉग जवळ आला की उठायचं, मोकळा होणारा माईक कुठला ते आधीच हेरून ठेवायचं, समोरचा बाजूला झाला की त्या जागी उभं राहून वेळेत तोंड उघडायचं, आणि ह्या सगळ्यात पायाचा आवाज नाही, कपड्याची सळसळ नाही, पान उलटताना कागद वाजायचा नाही. पान न वाजवता उलटणं ही सुद्धा शिकायची गोष्ट. बऱ्याचदा चित्र पण पूर्ण नसतं, नुसत्या पेन्सिलच्या रेघा हलत असतात आणि त्या रेघेकडे बघून रडायचं. कोविडमध्ये एकेकाला वेगळं बोलवायला लागले ती गोष्ट वेगळी. पण दहा जण एका श्वासाने काम करतात म्हणून ते नाटकासारखं जिवंत वाटतं.

नाटकावरून आठवलं. आमच्या दशावतारात काय होतं? संहिता हातात नसते, नाटकाची गोष्ट आधी सांगितली की झालं, बाकी संवाद रंगमंचावर जागच्या जागी. पुरुष स्त्रीपार्ट करतो आणि पहाटे तीनला मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या डोळे पुसतात. जपानमध्ये उलटं, तिथे धसमुसळ्या पोराचा आवाज बाई देते. आमच्या एका स्त्रीपार्टी कलाकाराला मी मोबाईलवर हिनाताचा तो प्रसंग ऐकवला, भाषा कळायचा प्रश्नच नाही, तर तो म्हणाला, "बायन श्वास खंय सोडलान ता बघ." माझं म्हणणं एवढंच आहे की ही कला ओळखणारे कान आपल्याकडे आहेत. कलाकार पण आहेत.

पण सगळं गोड गोडच लिहायचं नाही म्हणून हे पण लिहितो. ह्या लोकप्रियतेची दुसरी बाजू मला पटत नाही. मिझुकी आणि तिच्यासारख्या दोन चार जणींचं एवढं नाव झाल्यावर तिकडे आता नवीन मुलींकडून आवाजाबरोबर गाणं पाहिजे, नाच पाहिजे, चेहरा पाहिजे, मासिकात फोटो पाहिजेत. आवाजाच्या कामाला चेहरा कशाला? डोरेमॉनचा जपानी आवाज कित्येक वर्षं नोबुयो ओयामा यांचा. जन्म 1933 चा, घोगरा भरड आवाज, शाळेत पोरं हसायची म्हणे तर आईने सांगितलं आवाज लपवू नकोस, वापर. 1979 ला डोरेमॉनची नवी मालिका सुरू झाली तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या आणि 2005 पर्यंत केलं, सव्वीस वर्षं! सप्टेंबर 2024 मध्ये नव्वदाव्या वर्षी गेल्या. आजच्या ऑडिशनला त्या वयात तो घोगरा आवाज घेऊन गेल्या असत्या तर दारातूनच परत पाठवलं असतं की काय अशी शंका येते. मिझुकीच्या बाबतीत निदान गळा खरा आहे, बाकीच्या कित्येकींच्या बाबतीत मी गप्प बसतो.

पैशाचं पण तसंच. सगळ्यांना डोम मिळत नाही. तिथे नवीन कलाकाराला अर्ध्या तासाच्या भागाचे ठरलेले पंधरा हजार येन मिळतात, डायलॉग एक असो की पन्नास. टोकियोत त्यावर भागत नाही, पोरं हॉटेलात कामं करतात. पण ठरलेलं आहे ना! आणि ते आपोआप ठरलेलं नाही, 1973 मध्ये हेच आवाजवाले कलाकार टोकियोत मोर्चा काढून रस्त्यावर उतरले होते. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक भागाच्या शेवटी पाटी येते, पात्राचं नाव आणि पुढे आवाजाचं नाव. "गावकरी अ", "विद्यार्थी ब" अशा एका वाक्याच्या पोराचं पण नाव येतं. त्या पाट्या वाचून वाचून तिकडची पोरं आवाज ओळखायला शिकली, मग नाव शोधायला लागली, मग कार्यक्रमाला जायला लागली. डोम भरला तो एका दिवसात नाही भरला.

आता आपल्याकडे बघा. महाभारतातलं "मैं समय हूँ" झोपेत पण ओळखतील लोक, पण तो आवाज हरीश भिमाणींचा हे आमच्या गल्लीत विचारा कितीजण सांगतात. बाहुबलीच्या हिंदीत प्रभासला शरद केळकर, पुष्पाच्या हिंदीत अल्लू अर्जुनला आपला श्रेयस तळपदे, ह्या बातम्या झाल्या कारण हे मुळात पडद्यावरचे चेहरे. डोरेमॉनचा हिंदी आवाज 2005 पासून सोनल कौशल नावाच्या मुलीने दिला, अख्खी एक पिढी तिच्या आवाजावर जेवली आहे, अगदी खरं सांगतो, टीव्ही लावल्याशिवाय घास गिळत नव्हती पोरं. तिचं नाव किती आयांना माहीत आहे? आणि मराठीत जे डबिंग होतं, आता बरंच व्हायला लागलंय, साऊथचे पिक्चर, मुलांचे कार्यक्रम, त्यांची तर पाटीच दिसत नाही. टीव्हीवर शेवट कापून जाहिरात लावतात. ओटीटीवर काही ठिकाणी अगदी शेवटी येते पाटी, पण तोवर पुढचा एपिसोड आपोआप सुरू झालेला असतो.

आमच्या बाजूच्या गावातला एक मुलगा मुंबईत डबिंग करतो. नाव लिहीत नाही, त्याला चालणार नाही. इथे नाटकात राजपार्ट करायचा, आवाज असा की पाठीमागच्या माडापर्यंत जायचा. सांगत होता, काका, एकट्यालाच काचेच्या खोलीत उभं करतात, कानाला हेडफोन, समोर ओठ हलतात तसं बसवायचं, कधी हिरोचा मित्र, कधी नुसती गर्दी, गर्दी म्हणजे "अरे पकडा पकडा" असं दहा आवाजात एकट्याने ओरडायचं. पैसे कधी मिळतात, कधी पुढच्या महिन्यात बघू. गणपतीला घरी आला की आई विचारते तुझा पिक्चर कुठला, तर तो नाव सांगतो, घरचे सगळे टीव्हीसमोर बसतात आणि शेवटी कुठेच नाव नाही. मग शेजारचे म्हणतात, मुंबईत काय करता कोण जाणे. ह्या पोराने आता हापूसच्या सीझनला दोन महिने इकडेच यायचं ठरवलंय, पेट्या भरायला. बरे पैसे सुटतात म्हणतो.

म्हणून आपल्याला विनंती अशी की मराठीत डब झालेल्या पिक्चरचं किंवा मालिकेचं परीक्षण छापता तेव्हा खाली दिग्दर्शक, संगीत, छायाचित्रण अशी यादी देता ना, त्यात आणखी एक ओळ वाढवा, मराठी आवाज. वितरकाला एक फोन केला तर नावं मिळतील, आणि नाही मिळाली तर तसं छापा, "नावं दिली नाहीत" म्हणून, दोन चार वेळा छापलं की देतील. पुरवणीत परत अ‍ॅनिमेवर लिहाल तेव्हा फोटोच्या खाली पात्राच्या नावाबरोबर आवाजाचं नाव घाला, जागा एका ओळीची लागते. आणि जमलं तर कोकणातून मुंबईला जाऊन डबिंग, रेडिओ, निवेदन करणाऱ्यांवर एखादा लेख करा. माणसं मी शोधून देतो, देवगड, मालवण, कुडाळ, सावंतवाडी, पाहिजे तेवढी आहेत. मला लेखात घालू नका, मी आपला मैदानावरच बरा.

जाता जाता एक दुरुस्ती पण सांगतो, मुलीने मुद्दाम लिहायला सांगितलंय. लेखात नरुटोला आवाज देणाऱ्याबद्दल "त्याने" असं छापलंय. नरुटोचा जपानी आवाज जुन्को ताकेउची यांचा, त्या बाई आहेत. पुढच्या रविवारी तेवढं दुरुस्त करून छापा, नाहीतर ते कापलेलं पान तिने ठेवलंयच, चुकीवर लाल पेनाने गोल करून.

आपला नियमित वाचक,
(नाव छापू नये ही विनंती)
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग